चाचणी चालू आहे

भाऊबीज होऊन चार दिवस उलटले तरी २०१९ सालचा तो पाऊस पुण्यातून हलायला तयार नव्हता. तपकीर गल्लीत दुकानांवरचे आकाशकंदील भिजून लोंबत होते, खाली चिखल, वर वायरींचं जंजाळ… आणि त्यातून एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवीत गुंडाळलेला कीबोर्ड सांभाळत प्रियदर्शनी भोयर वाट काढत होती. शनिवारची सुट्टी, हवा गार, शेजारून भज्यांचा वास. एखाद्याचं मन प्रसन्न झालं असतं. हिचं डोकं मात्र सकाळपासून तापलेलं होतं.

कीबोर्डचं एंटरचं बटण निखळलं होतं. आपोआप नव्हे. काल एका ईमेलला उत्तर देताना तिनं ते असं काही हाणलं, की बटण उडालं ते थेट अपेक्षाच्या चहात. अपेक्षा म्हणजे तिची रूममेट. तिनं चमच्यानं बटण बाहेर काढलं आणि शांतपणे विचारलं, "पुन्हा तोच का गं, बद्रीनाथ?"

हो, पुन्हा तोच!

एका छोट्याशा दुकानापाशी ती थांबली. काउंटरपाशी एक उंच मुलगा अर्धा आत, अर्धा पावसात उभा राहून दुकानदाराशी वाद घालत होता.

"मुद्दा एक. ही वायर तुम्ही अस्सल म्हणून दिलीत. मुद्दा दोन. अस्सल वायर तीन दिवसांत जळत नाही. मुद्दा तीन—"

"मुद्दा चार," दुकानदार मान वर न करता म्हणाले, "आत ये, नाहीतर बाहेर जा. मध्ये उभा राहून गिऱ्हाईक अडवू नकोस."

प्रियदर्शनीनं कान टवकारले. मुद्दा एक… मुद्दा दोन… गेले पाच महिने हे शब्द तिनं इतक्या वेळा वाचले होते, की आता आमटीला फोडणी देतानासुद्धा ते ऐकू यायचे. जगात अशी दोन माणसं असणं शक्यच नव्हतं.

"तुम्ही… बद्रीनाथ खळदकर का?"

तो वळला. चष्म्याच्या काचांवर पावसाचे थेंब होते, ते त्यानं शर्टाला पुसले आणि मग तिच्याकडे नीट पाहिलं. "आपण?"

"प्रियदर्शनी भोयर."

क्षणभर गल्लीतले सगळे हॉर्न बंद पडल्यासारखे झाले.

"अरे बापरे," तो म्हणाला, "तुम्ही एकच आहात?"

"म्हणजे?"

"नाही… एवढं चिडणं एका माणसाला जमत नाही. मला वाटायचं, तीन-चार जणी पाळीपाळीनं लिहीत असतील."

तिनं कीबोर्ड काढून धाडकन काउंटरवर ठेवला. "काका, हे यांच्यामुळे तुटलंय. दुरुस्त होईल का?"

दुकानदारांनी कीबोर्ड पाहिला, मग मुलाकडे पाहिलं. "याच्यामुळे तुटलं असेल तर फुकट करून देतो. हा माझाच मुलगा आहे. आम्हालाही घरात त्रास आहे."

आता हा बद्रीनाथ कोण आणि त्यानं एवढं काय घोडं मारलं होतं, ते सांगायला हवं.

प्रियदर्शनी हिंगणघाटची. इंजिनिअर होऊन पुण्यात आली, हडपसरच्या एका कंपनीत लागली. तीन वर्षांपूर्वी तिनं गावाकडच्या मुलामुलींना मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून एक गट काढला: कोडपार. गावात पारावर बसून जशा गप्पा होतात तशा इथं प्रोग्रॅमिंगच्या व्हाव्यात, एवढाच विचार. सुरुवातीला नऊ जण होते. आता अकराशे झाले होते आणि तिच्या नाकी नऊ आले होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये दोनशे छप्पन्नच माणसं मावायची, म्हणून पाच ग्रुप. पाचही ठिकाणी "पायथन कुठून डाऊनलोड करायचं?" हा प्रश्न रोज यायचा, आणि त्यावर गुलाबाची फुलं घातलेलं "शुभ सकाळ" पडायचं. प्रश्न वर, फुलं खाली, उत्तर गायब!

म्हणून जूनमध्ये तिनं एक साधा प्रश्न टाकला: आपण दुसरीकडे जायचं का? एकच चांगली जागा शोधायची का?

बस्स. तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. कोणी स्लॅक म्हणे, कोणी डिस्कॉर्ड, कोणी टेलिग्राम. शेवटी मतदान घ्यायचं ठरलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मतं घेतली, व्हॉट्सअ‍ॅप जिंकलं. टेलिग्रामवर घेतली, टेलिग्राम जिंकलं. ईमेलवर घेतली तेव्हा एकूण सात मतं पडली आणि ईमेल जिंकला! मग तीन जणांची समिती नेमली. प्रियदर्शनी एक. दुसरे तात्याराव, बँकेतून निवृत्त झालेले, बासष्टाव्या वर्षी पायथन शिकणारे सज्जन गृहस्थ. ते प्रत्येक ईमेलला एकच उत्तर द्यायचे: "मी दोघांशीही सहमत आहे." आणि तिसरा हा. याचं व्हॉट्सअ‍ॅपशी तत्त्वाचं वैर, त्यामुळे तो कुठल्याच ग्रुपात नाही, फक्त ईमेल. तिनं काहीही सुचवलं की याचे मुद्दे एक ते नऊ. पाच महिन्यांत त्रेचाळीस ईमेल झाले होते आणि निर्णय शून्य.

"दहा मिनिटं लागतील," दशरथकाका म्हणाले. बद्रीनाथचे वडील. "तोवर दोघं समोर जाऊन चहा घ्या. भांडायचं ते तिकडं भांडा, काउंटरची काच जुनी आहे."

समोरच्या अमृततुल्यात वाफेचा आणि वेलदोड्याचा वास भरला होता. प्रियदर्शनीनं बशी खाली ठेवली आणि सरळ विषयालाच हात घातला.

"तुम्हाला नेमकं हवं तरी काय आहे हो? प्रत्येक गोष्टीला नन्नाचा पाढा! काय करून राहिले तुम्ही पाच महिने?"

चिडली की तिच्या तोंडी हिंगणघाट यायचं. तो हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा हलला. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"मला एवढंच हवंय," तो म्हणाला, "की बाबांच्या जुन्या फोनवर ते चाललं पाहिजे. आपले निम्मे लोक तसल्याच फोनवर आहेत. तुम्ही सुचवता ती सगळी भारी भारी अ‍ॅपं मी त्या फोनवर टाकून बघतो. फोन तापतो. एकदा बाबांनी त्यावर पापड भाजू का विचारलं."

तिला हसू येत होतं. तिनं ते महत्प्रयासानं आवरलं. "मग हे लिहायचं ना सरळ! नऊ मुद्दे कशाला?"

"आणि तुम्हाला कसली घाई आहे?"

बाहेर पावसाची सर वाढली होती. मग तिनं सांगितलं… मिसबाबद्दल. कोंढव्याची मुलगी, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. अकराशे जणांत तिच्याइतके चांगले प्रश्न कोणी विचारत नव्हतं. दसऱ्यानंतर ग्रुपातल्याच कोणीतरी तिचा नंबर उचलला आणि "हाय डियर" सुरू केलं, मग फोन. दिवसाला दहा-दहा. घरी भावानं पाहिलं. प्रियदर्शनीनं त्या माणसाला हाकललं, पण तोवर मिसबा ग्रुप सोडून गेली होती.

"मला तिचा फोन आला. म्हणाली, ताई, शिकायचंय हो मला. पण माझा नंबर दिसणार नाही अशी जागा असेल तरच घरचे हो म्हणतील. मी म्हटलं, महिनाभरात शोधते. तीस नोव्हेंबरपर्यंत." तिनं चहा बाजूला सारला. "तिच्याआधीही सहा जणी अशाच न सांगता गेल्यात. तीस तारखेलाही ठरलं नाही ना, तर मी कोडपार बंद करणार आहे. मुलींना बसता येत नाही असला पार मला चालवायचाच नाही."

बद्रीनाथनं चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे ईमेलमध्ये का नाही लिहिलंत?"

"तिची गोष्ट चारचौघात मांडू? तिनं मला विश्वासानं सांगितलं होतं."

मग तो खिशातून जुनी पावती काढून पावतीच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. अट एक: नंबर दिसता कामा नये. अट दोन, ही प्रियदर्शनीची खास अट: नवीन आलेल्यालाही जुनं सगळं बोलणं पहिल्यापासून वाचता आलं पाहिजे, म्हणजे तोच प्रश्न ऐंशी वेळा येणार नाही. अट तीन: बाबांचा फोन.

"चार प्लॅटफॉर्म, चार आठवडे," तो म्हणाला. "वाद घालायचा नाही, वापरून बघायचं. प्रत्येक ठिकाणी 'चाचणी' नावाचं एक चॅनेल, समितीचे तिघं रोज बोलतील. आठवडा संपला की ते बंद, पुढचं सुरू. तीस तारखेला निर्णय."

"तात्यारावांना विचारायला हवं."

"ते दोघांशीही सहमत असतील."

या वेळी मात्र ती हसली. अगदी खळखळून. बद्रीनाथ बशीत उरलेल्या चहाकडे उगाचच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहिलं चॅनेल उघडलं. तात्यारावांनी "शुभारंभास शुभेच्छा" लिहिलं आणि त्यानंतर ते गप्प झाले. उरले हे दोघं.

"चाचणी," त्यानं लिहिलं.

"दिसली," तिनं लिहिलं.

"आता शोध चालतो का बघू. एखादा असा शब्द टाका जो दुसरं कोणी लिहिणार नाही."

"सांबारवडी."

"इडलीच्या सांबाराची वडी करतात तुमच्याकडे?"

"अजी, सांबार म्हणजे कोथिंबीर! पुण्यात राहून एवढंही माहीत नाही?"

"पुण्यात राहिल्यामुळेच माहीत नाही."

मग फोटोची चाचणी झाली. त्यानं बाबांचा फोन आणि त्यावर ठेवलेला कच्चा पापड असा फोटो पाठवला. आवाजाची चाचणी झाली, त्याचा आठ सेकंदांचा निरोप आला, "हॅलो… मुद्दा एक… ऐकू येतंय का?" तिनं तो एकदा ऐकला. मग आवाज स्पष्ट आहे ना याची खात्री करायला आणखी चार वेळा ऐकला. घंटी वाजते का हे बघायला त्यानं सकाळी सातला निरोप पाठवायचं ठरवलं.

"उठलात?" सात वाजता आलं.

"वाजली घंटी," तिनं डोळे चोळत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला, "उठलात?" तिसऱ्या दिवशीही. पाचव्या दिवशी ब्रश तोंडात धरून उत्तर लिहिताना तिच्या लक्षात आलं, की घंटीची चाचणी तर पहिल्याच दिवशी झाली होती! ती आरशासमोर तशीच उभी राहिली. मग उत्तर पाठवलं, "उठले. घंटी अजून तपासायला हवी." आणि फेस गिळता गिळता राहिली.

त्याच आठवड्यात एका दुपारी पाचही ग्रुप एकदम पेटले होते. ती जागेवरून न उठता तीन तास उत्तरं देत होती. चॅनेलवर तिनं एवढंच लिहिलं, "आज चाचणी नको. जीव गेलाय."

खाली अक्षरं उमटली… बद्रीनाथ लिहीत आहेत… थांबली… पुन्हा लिहीत आहेत… मग आलं:

"एक बाई अकराशे जणांना रोज उत्तरं देते. 'जेवलात का?' असं त्या बाईला विचारणारं चॅनेल आपल्या यादीत नाही. ही त्रुटी नोंदवून ठेवतो. जेवलात का?"

ती जेवली नव्हती. उठली, डबा उघडला, गार पोळी-भाजी खाल्ली आणि उगाचच तिचे डोळे भरून आले. अपेक्षानं संध्याकाळी तिला फोनकडे बघून हसताना पकडलं. "काय गं, बटण परत चहात पडणारे का?" "गप बस," प्रियदर्शनी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

शनिवारी ठरल्याप्रमाणे त्यानं ते चॅनेल बंद केलं. नियम म्हणजे नियम! रविवारी दुसरं सुरू. तिथे एकमेकांना शब्दकोडी घालणं झालं, तिच्या आईचा ठेचा झाला, त्याचं नाव असं का ठेवलं ते झालं. (आजोबा यात्रेला गेले असताना जन्मला, त्यांनी तारेनं नाव कळवलं.) दुसरं बंद, तिसरं सुरू. आणि तिसऱ्या आठवड्यात प्रियदर्शनीला एकाएकी ते "जेवलात का?" पुन्हा वाचावंसं वाटलं. कुठे होतं ते? पहिल्यात की दुसऱ्यात? ती शोधत बसली आणि मग आठवलं, ते तर बंद झालं.

"वैताग आहे नुसता!" तिनं चॅनेलवर लिहिलं. "दर आठवड्याला घर बदलायचं आणि सामान मागेच टाकायचं. पहिल्या आठवड्यातलं एक वाक्य मला हवं होतं."

"कोणतं?"

"सांगणार नाही."

चौथा आठवडा सुरू झाला. सोमवारी सातला "उठलात?"च्या ऐवजी आलं, "वर सरकवून बघा."

तिनं बघितलं. तीन नोव्हेंबरपासूनचा शब्द न् शब्द तिथे होता. चाचणी, दिसली, सांबारवडी, पापड, आणि तिचं ते वाक्य. तिन्ही बंद जागांतलं बोलणं त्यानं रविवारभर बसून, स्वतः प्रोग्रॅम लिहून, तारीखवार या चौथ्या जागेत आणून ठेवलं होतं.

"जुनं बोलणं आणता येतं का याची चाचणी होती," त्यानं लिहिलं. "बाकी काही नाही."

बाकी काही नाही म्हणे! प्रियदर्शनीनं फोन उशीवर ठेवला आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिली. कोणी फुलं दिली असती, तर सुकली असती. या माणसानं तिचं सामान घरी आणून दिलं होतं. आपण याच्या प्रेमात पडलो आहोत, हे त्या सकाळी तिला स्वच्छ कळलं आणि भयंकर राग आला. अख्ख्या पुण्यात हाच सापडायचा होता?

चौथा प्लॅटफॉर्म मात्र लाखात एक निघाला. नंबर दिसत नव्हता. जुनं सगळं नव्या माणसाला वाचता येत होतं. बाबांच्या फोनवर लोण्यासारखा चालत होता. आता फक्त हो म्हणायचं होतं.

आणि शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, दुपारी चॅनेलवर आलं:

"मुद्दा एक. आणखी एक आठवडा चाचणी घ्यावी असं वाटतं. मुद्दा दोन. अक्षरं जरा बारीक आहेत. मुद्दा तीन. निळा रंग डोळ्यांना त्रास देतो…"

सात मुद्दे! सात!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या तीस तारीख आहे. त्या मुलीला मी शब्द दिलाय. निळा रंग? निळ्या रंगासाठी तिनं घरी बसायचं? तुम्हाला निर्णय नकोच आहे, बद्रीनाथ. तुम्हाला फक्त मुद्दे हवेत."

बद्रीनाथ लिहीत आहेत… थांबले… लिहीत आहेत… थांबले. आणि मग काहीच आलं नाही. शनिवारी सकाळी सात वाजले, सव्वासात झाले, फोन मुकाच होता.

दहा वाजता तिनं समिती-बिमिती गुंडाळून ठेवली. अ‍ॅडमिन ती होती. तिनं नव्या जागेचं दार सगळ्यांसाठी उघडलं, त्याची लिंक पाचही ग्रुपांत टाकली, मिसबाला वेगळी पाठवली, आणि वाट बघत बसली. बारा वाजेपर्यंत अकरा माणसं आली. अकराशेतली अकरा! त्यातले चार "हाय" म्हणून निघून गेले. ग्रुपांत कोणीतरी लिहिलं, "इथेच बरं आहे की." मिसबाचं उत्तर नव्हतं.

म्हणजे संपलं. तिनं ओढणी घेतली आणि तरातरा तपकीर गल्ली गाठली. पाऊस एव्हाना गेला होता. गल्लीत कोवळं ऊन पडलं होतं, पण तिला ते दिसलं नाही. बद्रीनाथ काउंटरच्या आत बसला होता, दाढी वाढलेली, समोर एक उघडलेला रेडिओ.

"काहून असं केलं तुम्ही?" ती म्हणाली. "चांगलं चाललं होतं सगळं. निळा रंग, बाप्पा! खरं कारण सांगा मला."

तो उभा राहिला. दशरथकाका मागच्या फळीवर काहीतरी शोधू लागले. त्या फळीवर काही नव्हतं.

"मुद्दा एक…" तो म्हणाला आणि अडकला. पहिल्यांदाच. "हे मला… बोलता येत नाही. लिहून ठेवलंय कालपासून. पाठवलं नाही."

"मग पाठवा!"

त्यानं फोन काढला. अंगठा एकदा थांबला, मग टेकला. तिच्या हातातला फोन थरथरला. चाचणी चॅनेलवर, तिच्या कालच्या रागाच्या खाली, आलं होतं:

"मुद्दा एक. प्लॅटफॉर्म उत्तम आहे. माझे सातही मुद्दे खोटे होते, आणि मिसबाला थांबवलं याची मला लाज वाटते. मुद्दा दोन. निर्णय झाला की समिती संपणार, मग सकाळी सातला तुला उठवायला मला काही कारण उरणार नाही. मुद्दा तीन. मला तू आवडतेस. खूप. मुद्दा चार नाही."

तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. 'तू' या शब्दापाशी नजर जाऊन थांबली…

"बद्री—" ती म्हणाली, आणि फोन पुन्हा थरथरला. मग पुन्हा. मग थांबेचना! तिनं तो काउंटरवर ठेवला, तर तो काचेवरून आपला आपण सरकायला लागला.

"काय झालंय त्याला?" दशरथकाका म्हणाले. "बघू, उघडून देऊ का?"

नव्या जागेत चाळीस माणसं झाली होती. मग नव्वद. मग दोनशे दहा. तिनं घाईघाईनं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. पाचही ग्रुपांत एकच निरोप होता, खाली तीन गुलाब:

"सन्माननीय सदस्यहो, शुभ दुपार. नव्या जागेत 'चाचणी' नावाचे चॅनेल आहे. समितीचा सदस्य या नात्याने मी पहिल्या दिवसापासून रोज वाचत आहे. अत्यंत वाचनीय. आता नुकताच कळस झाला आहे. त्वरा करा. आपला, तात्याराव."

"तात्याराव?" ती किंचाळली. "ते होते तिथे?"

"समितीत तीन सदस्य आहेत…" बद्रीनाथ पुटपुटला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "यादीत होतं त्यांचं नाव. राखाडी ठिपका होता, म्हणजे गैरहजर. मला वाटलं, विसरले असतील. पण बाकीच्यांना कसं दिसतंय? चॅनेल तर आपल्या तिघांचं…"

"मी दहा वाजता सगळं उघडलं! तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर असता तर कळलं असतं!"

"सगळं? म्हणजे चाचणीसुद्धा?"

"ते लक्षातच राहिलं नाही…"

"आणि नवीन आलेल्याला जुनं सगळं दिसतं. अगदी पहिल्यापासून," तो म्हणाला. "अट दोन. तुमचीच."

"आणि पहिल्यापासूनचं सगळं आणून कोणी ठेवलं?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. साडेपाचशे. पाच महिने जी माणसं विनवण्या करून, हात जोडून जागची हलली नव्हती, ती आता धावत येत होती. वर कोणीतरी विचारत होतं, सांबारवडी कशी करतात. कोणी पापडाच्या फोटोला बदाम देत होतं. आठशे. प्रियदर्शनीला वाटलं, गल्लीतल्या एखाद्या रिकाम्या खोक्यात शिरून बसावं.

आणि त्या गर्दीत एक नवं नाव उमटलं. नुसतं नाव, नंबर नाही. मिसबा.

"ताई, आले मी. घरी दाखवलं, नंबर कुठेच दिसत नाही. भाई स्वतः सगळीकडे बघून हो म्हणाला."

प्रियदर्शनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वैताग, राग, लाज, सगळं त्या पाण्यात कुठल्या कुठे गेलं. तिनं कसंबसं लिहिलं, "ये गं. तुझीच वाट बघत होते."

"माझे खूप प्रश्न साठलेत, ताई," मिसबाचं उत्तर आलं. "पण ते नंतर. मी सगळं पहिल्यापासून वाचलंय. आधी तुम्ही त्यांच्या मुद्द्याला उत्तर द्या ना."

खाली पटापट ओळी पडल्या. उत्तर द्या. उत्तर द्या, ताई. द्याच!

प्रियदर्शनीनं ओढणीनं डोळे पुसले आणि लिहायला घेतलं. बद्रीनाथच्या फोनवर अक्षरं उमटली, प्रियदर्शनी लिहीत आहेत… थांबली… पुन्हा लिहीत आहेत… त्यानं श्वास रोखून धरला होता.

"अगं, समोर उभी आहेस," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "बोल की तोंडानं!"

"चॅनेलवर विचारलंय. चॅनेलवरच उत्तर मिळेल," ती मान वर न करता म्हणाली. "कळू दे जरा, वाट बघणं काय असतं ते."

मग तिनं पाठवलं.

"मुद्दा एक. मलाही तू आवडतोस. मुद्दा दोन. सकाळची सातची चाचणी यापुढे रोज चालू राहील, समिती असो वा नसो. मुद्दा तीन. निळ्या रंगाबद्दल मी तुला माफ केलेलं नाही."

बद्रीनाथनं वाचलं आणि काउंटरवरून हात पुढे केला. उन्हात त्याच्या चष्म्याच्या काचा चमकत होत्या, मागे डोळे ओले होते. तिनं त्याचा हात धरला. दशरथकाका रिकाम्या फळीकडे तोंड करून नाक पुसत म्हणाले, "जा आता, चहा घ्या समोर. काच जुनी आहे."

काचेवर तिचा फोन शेवटचा एकदा थरथरला. दोघांनी वाकून पाहिलं. तात्याराव होते.

"मी दोघांशीही सहमत आहे."